तुझ्या आईला न दिलेली भाकर

ये, जवळ ये. कागदावरून बोलते आहे म्हणून तू लांब बसायचं काही कारण नाही. आणि आधी मला रागावून घेऊ दे. मागच्या ईस्टरला आलीस ती काय आलीस? पायातली चप्पल काढली नाहीस, चहा अर्धा ठेवलास, "मावशी, एस.टी. चुकते" म्हणालीस आणि निघालीससुद्धा. मी तुझ्यासाठी ज्वारीच्या पिठाचं धिरडं घालायला घेतलं होतं, ते तव्यावरच राहिलं. अशी येतात का कोणाच्या घरी? आणि जाता जाता, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून, विचारलंस काय तर, "मावशी, माह्या मायची कबर कुंपणाच्या बाहेर काहून हाय?"

मी म्हटलं, "आत जागा नव्हती बाई तवा."

खोटं बोलले. आत आजही जागा आहे. शेळ्या चरतात तिथे.

मोठी झाल्यापासून तू हे तिसऱ्यांदा विचारलंस. लग्नाआधी एकदा, तुझे बाबा गेले तेव्हा एकदा, आणि आता. तिन्ही वेळा मी जागेचंच कारण सांगितलं. समोर बोलायला गेले की जीभ आखडते, म्हणून लिहायला बसले. लिहिताना माझं थोडं इकडचं तिकडचं होतं, तेवढं सांभाळून घे.

आपलं गाव तू पाहिलंस ते डांबरी रस्ता झाल्यानंतरचं. तेव्हा बाभुळगावाहून बैलगाडीनं यायचं म्हणजे अर्धा दिवस. आपल्या ख्रिस्ती लोकांची घरं वीस-बावीस. देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांब खोली, वर टिनाचं छप्पर. उन्हाळ्यात उपदेश लांबला की छप्पर कडकड वाजायचं आणि माणसं वर बघायची. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. पुढे सतरंजी. ती मंडळीच्या सभासदांची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या आणि प्रभुभोजन घेणाऱ्या लोकांची. मागे दाराजवळ तरट. तरटावर नवखे बसायचे, आणि ज्यांना बंद केलं आहे ते.

हे "बंद" नीट समजून घे, सगळं त्यावरच आहे. कोणाच्या हातून पाप घडलं आणि ते मंडळीच्या कानावर आलं, की पाळकसाहेब आणि दोन पंच मिळून त्याला प्रभुभोजनातून बंद करायचे. त्यानं सतरंजीवरून उठून तरटावर जायचं. येणं-जाणं, गाणं, प्रार्थना सगळं चालायचं. फक्त भाकर आणि रस नाही. ती वाटायची वेळ आली की बंद असलेल्यानं उठून बाहेर अंगणात जायचं आणि शेवटच्या गीताला परत यायचं. सुटका कशी? एखाद्या रविवारी पुढे येऊन उभं राहायचं आणि आपलं पाप आपल्या तोंडानं, नाव घेऊन सांगायचं. मोघम नाही चालायचं. "मी चुकलो" म्हटलं तर पंच म्हणायचे, "काय चुकला ते सांग." सांगितलं की पाळकसाहेब हात धरून सतरंजीवर बसवायचे, आणि सगळी मंडळी गाणं म्हणायची.

बहुतेक लोक महिना-दोन महिन्यांत मोकळे व्हायचे. आपल्याकडे एक सुतार होता. होळीला मोहाची दारू प्यायचा, बंद व्हायचा, ईस्टरला कबुली देऊन परत यायचा. दर वर्षी. बाया म्हणायच्या, "याचं पाप पंचांग पाहून येते." सगळे हसायचे, तोही हसायचा. त्यामुळे बंद होणं म्हणजे फार काही भयंकर असं आम्हाला वाटत नव्हतं. मानेवरचं जू आहे, थोडे दिवस वागवायचं, मग उतरवायचं.

माझं काम होतं प्रभुभोजनाची तयारी. माझे मालक मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मला सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि मास्तरणीच्या घरी स्वच्छता असते असं समजून ते काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे पाव कुठला आणि द्राक्षं कुठली. पाव नाही म्हणून गव्हाची, मीठ-तेल न घातलेली जाड पोळी. ती भाजून, गार करून, सुरीनं नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे. त्यालाच भाकर म्हणायचं. आणि रस म्हणजे मनुकांचा. शुक्रवारी मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, कुस्करायच्या, पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. तुकडे किती करायचे ते डोक्यात असायचं. कोण गावाला गेलं, कोण बाळंतीण, कोण बंद. एकेक चेहरा आठवत मी सुरी चालवायची.

आता तुझी आई. ती बोरी अरबच्या वाटेवरच्या तांड्यातली. बाप गेल्यावर लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगात आली, तिथंच शिकली, तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. तुझ्या बाबांशी लग्न होऊन ती आमच्या शेजारी आली. बाबा यवतमाळला जिनिंगात कामाला, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच भिंत, छातीएवढी. त्या भिंतीवरून आम्ही विस्तव दिला, वाडग्यानं भाजी दिली, एकमेकींची पोरं घेतली. ती मला "बाई" म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिची जीभ मात्र तिखट होती. मी उपदेशातलं काही बोलायला लागले की म्हणायची, "बाई, भाजी लागून राह्यली, अगोदर ते पाह्य, मंग मले स्वर्गात पाठव."

माझा पोरगा तेव्हा तीन वर्षांचा. तू दोनाची.

छप्पन्न सालानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा असेल. गावात देवीची साथ आली. आधी पाटलाच्या आळीत, मग आपल्याकडे. टोचणारा माणूस आला तो साथ निम्मी झाल्यावर आला. माझ्या पोराला पहिल्या आठवड्यातच ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी अंगभर फोड. दवाखान्यातली नर्सबाई आली, लाल पाणी देऊन गेली. मंडळीचे लोक आले, गुडघे टेकून प्रार्थना केली. गावातली एक म्हातारी दाराशी येऊन म्हणाली, "पोरी, देवीले गार पाणी घाल वं. पोट्टं तापून राह्यलं म्हणजे ते तापून राह्यली." मी तिला दारातूनच घालवलं. म्हटलं, "आमच्या घरात असलं चालत नाही." अकराव्या दिवशी माझा पोरगा गेला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं. म्हणाले, या बहिणीचं लेकरू गेलं पण तिनं दगडापुढे मान वाकवली नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागलं. पोरगा मातीत होता आणि मी त्या शब्दांवर जगत होते. दुसरं काही हातात उरलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात तुला फोड आले.

तुझी आजी, तुझ्या आईची याडी, तांड्यावरून लिंबाचे डहाळे घेऊन आली. मी भिंतीवरून बघत होते. डहाळे तुझ्या उशाशी ठेवले तेव्हा मी काही बोलले नाही. लिंबाचा पाला तर नर्सबाईही ठेवायला सांगायची. मग एका सकाळी मी शेणासाठी बाहेर पडले. चांगलं उजाडलं होतं. तांड्याच्या वाटेवर लिंबाखाली सात शेंदरी दगड होते, तुला माहीत आहेत, शितळेचे. तिकडून तुझी आई येत होती. अनवाणी. केस ओले, लुगडं ओलं, अंगाला चिकटलेलं, हातात रिकामा पितळी लोटा. विहिरीवर अंगावर पाणी घेऊन तशीच ओलेती जाऊन तिनं देवीला पाणी घातलं होतं. मला पाहून ती थांबली. दात वाजत होते तिचे, उन्हाळा असून.

म्हणाली, "बाई, कोणाले सांगजो नको."

मी मान हलवली. खरंच सांगणार नव्हते.

पण तू बरी झालीस.

दहा-बारा दिवसांत तुझे फोड सुकले. आणि एका दुपारी भिंतीपलीकडून तुझा आवाज आला. तू भूक लागली म्हणून रडत होतीस. "माय, भाकर दे, माय, दूध दे." आजारी लेकराचं रडणं वेगळं असतं, भुकेलं रडणं वेगळं. ते भुकेलं रडणं ऐकून शेजारणीला आनंद व्हायला पाहिजे. मी चुलीपुढे बसले होते. मी उठले, हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि भर उन्हात पाळकसाहेबांच्या घरी गेले.

ते वाईट माणूस नव्हते. तसं मनात धरू नकोस. उंच, किडकिडीत, सायकलवर गावोगाव फिरायचे. स्वतःची दोन लेकरं पुरली होती त्यांनी. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, आणि विचारलं, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं साहेब."

"बाई, एक विचारतो. तिच्याबद्दल तुमच्या मनात काही नाही ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मंडळीच्या भल्यासाठी सांगते."

तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, की मीच तसं वाटून घेत होते, हे इतकी वर्षं उलटूनही मला सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं की तू गेली असतीस तर मी सांगितलं नसतं. तुझ्या आईच्या गळ्यात पडून रडले असते, आणि त्या सात दगडांचं गुपित माझ्याबरोबरच गेलं असतं. तेच खरं आहे.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी तिला उभं केलं. माझं नाव घेतलं नाही. तू तिच्या कडेवर होतीस, तोंडावर खपल्या.

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही तांड्याच्या देवीला पाणी घातलं असं कानावर आलं. खरं आहे का?"

"खरं हाय."

लपवेल, रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती सरळ हो म्हणाली. पाळकसाहेबांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, "मग एवढं म्हणा, की मी देवाविरुद्ध पाप केलं. आत्ताच म्हणा. बंद करायची वेळच येणार नाही."

तुला तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

पंचांपैकी एक म्हातारे होते, म्हशी पाळायचे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ते म्हणाले, "अवं, म्हण ना पटकन. उन्हं चढून राह्यली. एका लेकराले दोन बाप असतात काय?"

ती म्हणाली, "मामा, तुमच्या म्हशीनं दूध चोरलं तवा तिच्या शिंगाले काळा दोरा बांधला, तो कोणं बांधला? मामीनं, का देवदूतानं?"

मागे तरटावर कोणीतरी फिसकन हसलं. मामांच्या मिशा थरथरल्या. म्हणाले, "म्हैस म्हैस हाय. म्हशीले कायचा बाप्तिस्मा?"

मग मात्र सगळेच हसले, पाळकसाहेबांनाही ओठ आवळावे लागले. तेव्हा वाटलं, निघालं आता, हसण्यावारी जाईल. पण ती हसली नाही. पाळकसाहेबांकडे बघून म्हणाली, आणि तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात:

"साहेब, मी येशूले मांगतलं, देवीलेबी मांगतलं. रातदिवस दोघाईले मांगतलं. कोणं देलं मले मालूम नाई. पण आता मी पाप केलं म्हणलं, तं पोट्टीचा जीव पापातून आला असं होते. मंग तो वापस जाईन. मी नाई म्हणत."

पाळकसाहेबांनी समजावलं. देव असा दिलेला जीव काढून घेत नाही, कृपा तशी नसते, असं खूप वेळ बोलले. चांगलं बोलले. ती ऐकत होती आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. शेवटी म्हणाली, "तुमचं खरं असन साहेब. पण पोट्टी माही हाय." आणि माझ्याकडे एकदा बघून, कोणी सांगायच्या आत, स्वतःच सतरंजीवरून उठून मागे तरटावर जाऊन बसली.

मला वाटलं, महिनाभरात येईल पुढे. सुतार येतो तशी.

ती चार वर्षं तरटावर बसली. एक रविवार चुकवला नाही. गाण्याचा आवाज तिचा सगळ्यांत वरचा होता, तो पुढच्या ऐवजी मागून यायला लागला एवढंच. भाकर वाटायची वेळ आली की तुझं बोट धरून अंगणात जायची, आणि बाहेरून तुझं बोलणं आम्हाला ऐकू यायचं, "माय, आपुन काहून बाहेर?" तुझे बाबा सतरंजीवर मान खाली घालून बसलेले असायचे. त्यांनी तिला किती सांगितलं, एकदा हातही उचलला. ती बधली नाही. पाळकसाहेबही दर ईस्टरच्या आधी घरी जाऊन विचारायचे. ती त्यांना चहा पाजायची आणि नाही म्हणायची.

आणि मी? भिंत तीच होती. ती पहिल्यासारखी विस्तव मागायची, मी पहिल्यासारखी द्यायची. शनिवारी मनुका उकळल्या की वासानं तू भिंतीवर चढून बसायचीस. रस गाळून उरलेला चोथा मी तुझ्या हातावर ठेवायची. एकदा तिनं ते पाहिलं. म्हणाली, "चला, चोथा तं आमच्या वाट्याले आला." मी हसल्यासारखं केलं. तुकडे करताना तिचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि मी सुरी पुढे सरकवायची.

मग साठ सालानंतरच्या एका श्रावणात तिला मुदतीचा ताप आला. तुझ्या बाबांनी यवतमाळहून औषध आणलं, पण उशीर झाला होता. तिसऱ्या आठवड्यात पोटातून रक्त जायला लागलं. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, माझी पोळी भाजून, तुकडे करून डब्यात भरलेली, रस बाटलीत. पाळकसाहेब मुकुटबनकडे सभांसाठी गेले होते, शनिवारी संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले होते, पण बेंबळेला पूर आला आणि गाड्या बंद पडल्या. तुझे बाबा नर्सबाईला आणायला गेले, आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही बसा तिच्यापाशी."

दुपारची वेळ. तू माझ्या घरी झोपलेली. तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "बाई, भाकर झाली काय?"

मला वाटलं, भूक लागली. म्हटलं, "पेज देऊ?"

"ते नाई. उद्याची. डब्यातली."

मी म्हटलं, "झाली."

"मले एक तुकडा दे."

मी काय बोलले ऐक. मी म्हटलं, "पाळकसाहेब येऊ दे."

"ते येतपर्यंत मी नाई राहत. तूच तं करते ना ते? तुह्या हातचंच असते."

"करणं वेगळं वं, देणं वेगळं. मले तो अधिकार नाई." मग मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "तू एक शब्द म्हण. मी साक्ष देईन. पाप केलं एवढं म्हण, साहेब आल्यावर मी सांगते, ते नाही म्हणणार नाहीत."

ती हसली. ओठ फाटले होते, रक्त आलं. म्हणाली, "तू म्हण अगोदर."

मी पदरानं तिच्या ओठावरचं रक्त टिपलं.

"बाई, मले पहिल्या दिवसापासून मालूम हाय. त्या वाटेवर दुसरं होतं कोण?"

चार वर्षं तिला माहीत होतं. चार वर्षं विस्तव मागत होती. मला रडूही येईना. तिनं माझा हात शोधला, तापानं तिचा हात भाजत होता. म्हणाली, "तुहा पोरगा गेलता बाई. अन् माही पोट्टी जेवाले मांगत होती. मी असती तं मीबी सांगतलं असतं. मी मनात ठेवलं नाई." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "दे ना तुकडा."

बाई गं, डबा भिंतीपलीकडे होता. दहा पावलं. मला जन्मात कोणी दिलं नाही ते तिनं मला त्या दुपारी दिलं, न मागता, आणि मी तिला नखाएवढी पोळी दिली नाही. भीती कशाची वाटली? देवाची म्हणू तर खोटं होईल. पंचांना कळलं तर मला तरटावर बसवतील, ही भीती वाटली. तिचा हात हातात घेऊन बसले आणि म्हणत राहिले, साहेब येतील, साहेब येतील. रविवारी सकाळी, देवळात मामा प्रार्थना चालवत होते तेव्हा ती गेली.

पाळकसाहेब दुपारी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, सायकल खांद्यावर. पंच जमले. खड्डा कुठे खणायचा हा प्रश्न होता. नियम असा होता की बंद असताना मेलेल्याला कुंपणाच्या आत घ्यायचं नाही. पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, शेवटी तुम्हीच जवळ होतात. ती काही बोलली का? कबुलीसारखं काही? काहीही. एक शब्द असला तरी मी आत घेतो."

आज मला कळतं की तो माणूस माझ्याकडे भीक मागत होता. "साहेब, तिनं भाकर मागितली" एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी त्यालाच कबुली मानलं असतं. पण भाकर मागितली म्हटलं की पुढचं विचारलं असतं, मग तुम्ही काय म्हणालात, मग ती काय म्हणाली, आणि सगळं बाहेर आलं असतं.

मी म्हटलं, "नाही साहेब."

त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. आणि कुंपणाच्या बाहेर खणायला सांगितलं.

म्हणून तुझ्या आईची कबर बाहेर आहे. जागा होती. माझ्या एका शब्दामुळे ती बाहेर आहे.

पाळकसाहेब स्वतः आले मातीला. एका पंचानं म्हटलं, "साहेब, तुम्ही कायले येता, नियमात नाई." ते म्हणाले, "मी कुंपणाबाहेर उभा राहून प्रार्थना करतो, त्याला नियम नाही." तू माझ्या कडेवर होतीस. तू विचारलंस, "मावशी, माय बाहेरच काहून?" मी आजीला हाक मारली आणि तुला तिच्याकडे दिलं.

सोमवारी डबा उघडला तर ओलीनं तुकड्यांवर बुरशी धरलेली. मालकांनी ते उकिरड्यावर टाकले. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला ताट माझ्यापुढे आलं, मी ते पुढे सरकवलं. शेजारणीला वाटलं, चुकून. पुढच्याही महिन्यात सरकवलं. कोणी विचारलं नाही. जी भाकर करते ती घेत नाही असं कोणाच्या ध्यानातच येत नाही. मी हातपाय चालले तोवर भाकर केली, आणि एकदाही तोंडात घातली नाही. ही काही मोठी तपश्चर्या म्हणून सांगत नाही. पुढे उभं राहून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून हे. ते पाळकसाहेब बदलून गेले, मग वारले. मामा वारले. ज्यांच्यापुढे उभं राहून सांगायला हवं होतं, त्यांतलं आता तिथे कोणी उरलं नाही.

आम्ही त्या काळी पापं ठरवून ठेवली होती बाई. दारू, शिवी, मारहाण, देवीला पाणी. ती डोळ्यांना दिसायची, म्हणून ती पकडायला सोपी. शेजारणीचं लेकरू वाचलं म्हणून पोटात पडलेली आग कोणाला दिसत नव्हती, म्हणून मी सतरंजीवर बसले आणि तुझी आई तरटावर. कृपेबद्दल मी रविवार शाळेत पोरांना कितीतरी वर्षं शिकवलं. खरी पाहिली ती एकदाच, आणि ती बंद असलेल्या बाईच्या फाटक्या ओठांवर पाहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नव्हता, हे तुला सांगायचं राहू नये. तुला कदाचित यावर राग येईल. येऊ दे.

माफी मी मागत नाही. तुझ्या आईनं तिची दिली, तुझी तुझ्यापाशी आहे, आणि कागदावरून मागायची वस्तू नाही ती. शिव्या द्यायच्या असल्या तर त्याही समोर येऊन दे, फोनवर मला नीट ऐकू येत नाही. पण ये. नाताळची वाट बघू नकोस, माझा काही भरवसा नाही. या महिन्यातच ये, सकाळच्या गाडीनं ये, चप्पल काढून आत ये आणि मुक्कामाला ये. मला आता एकटीनं देवळापर्यंत चालवत नाही. तू हात धरलास तर तुझ्या मुक्कामातल्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहीन आणि हे सगळं, नाव घेऊन, तुझ्यादेखत सांगेन. तेवढ्यासाठी तरी लवकर ये.